आधी झाकण उघड

इंजिन बंद कर. चावी काढ आणि इकडे दे. तो मोबाइलही खिशात टाक. त्यातला दाढीवाला तुला काय शिकवतो ते मी चार दिवस बघतोय. आता मागं ये आणि त्या टाकीचं झाकण उघड.

नाक मुरडू नकोस. तुझीच टाकी आहे, तुझ्याच गिऱ्हाइकांच्या गालिच्यांतली घाण आहे. कुत्र्याचे केस, वाळू, सांडलेलं दूध. आणि तळाशी ते काळं चिकट बसलंय ते गेल्या शुक्रवारचं की गेल्या महिन्याचं, हे तुलाही सांगता येणार नाही. आता ही जाळी बघ. स्टीलची जाळी आहे म्हणे. मला वाटलं घोंगडीचा तुकडा लावलाय. नखानं खरवड जरा. निघाला ना पापुद्रा? यातून हवा जायची आहे लेका. काल दिवसभर तू माझ्यामागं रडत होतास, "सर, ओढ कमी झालीय, ब्लोअर म्हातारा झाला." ब्लोअर म्हातारा नाही झाला. तू त्याच्या तोंडावर उशी दाबून धरली आहेस.

बस त्या पायरीवर. मी उभाच बरा. बसून रागवायची मला सवय नाही.

कौतुक आधी उरकून घेतो, म्हणजे नंतर मधे मधे आडवं येणार नाही. कोल्हापुरात आयटीआयला दोन वर्षं माझ्या हाताखाली होतास, मोटर मेकॅनिकला. मागच्या बाकावर बसायचास, पण प्रॅक्टिकलला हात चांगला होता. मी मुलीकडे एडिसनला येतोय हे कळल्यावर विमानतळावर हार घेऊन उभा राहिलास. इथं न्यू जर्सीत येऊन स्वतःची व्हॅन घेतलीस, आत गालिचे धुवायचं मशीन बसवलंस, दारावर स्वतःचं नाव लिहिलंस. गिऱ्हाइकाशी अदबीनं बोलतोस, वेळेवर पोचतोस, बूट काढून घरात जातोस. डाग कुठला निघेल आणि कुठला निघणार नाही, हे काम सुरू करण्याआधी सांगतोस. हे सगळं चांगलं आहे. झालं कौतुक.

आता, "सर, मेंटेनन्स सगळा मी स्वतःच करतो," हे वाक्य तू चार दिवसांत मला तीनदा ऐकवलंस. दरवेळी छाती दोन इंच पुढं. डीलरचा मेकॅनिक तासावर पैसे घेतो, मशीन चार चार दिवस अडकवून ठेवतो, तेवढ्यात धंदा बसतो, हे मला मान्य आहे. ज्याची गाडी त्यानंच तिचं झाकण उघडावं, हे मी एकतीस वर्षं शिकवत आलो. तेव्हा तू स्वतः करतोस याबद्दल माझं भांडणच नाही. तू करतच नाहीस, याबद्दल आहे. आवाज आला की धावतोस. गळायला लागलं की टेप मारतोस. बंद पडलं की रात्री बाराला व्हिडिओ लावून बसतोस. याला मेंटेनन्स म्हणायचं? मग पोराला ताप आल्यावरच जेवायला घालणाऱ्या बाईलाही सुगरण म्हणावं लागेल.

तोंडी परीक्षा घेऊ. गालिच्यावर मारलेलं गरम पाणी परत टाकीत कोण ओढतं? व्हॅक्यूम. बरोबर. व्हॅक्यूम कोण करतं? ब्लोअर. ब्लोअर कशावर फिरतो? इंजिनवर. शाब्बास. आणि ब्लोअरच्या आत काय असतं?

हां. इथं गप्प झालास. जिथं गप्प झालास तिथंच तुझे पैसे झिजतायत.

ऐक. आत दोन रोटर असतात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, कमरेत बारीक. एकमेकांच्या उलट फिरतात आणि हवा कवेत घेऊन एका बाजूची दुसरीकडे नेऊन टाकतात. गंमत अशी की ते एकमेकांना शिवत नाहीत. बाहेरच्या कवचालाही शिवत नाहीत. मधली फट इंचाच्या काही हजारांश भागांएवढी. फीलर गेजची ती सगळ्यात पातळ पात आठवते, जी तू दुसऱ्या वर्षी वाकवून ठेवली होतीस? त्या घरातलं माप. बाजूचे टायमिंग गियर दोघांना शिस्तीत फिरवतात म्हणून टक्कर होत नाही. तेल असतं ते त्या गियरांच्या डब्यात. जिथून हवा जाते तिथं तेलाचा थेंब नाही. तिथं नुसतं उघडं बीड. त्या उघड्या बिडावरून तू दिवसभर गालिच्याची ओली हवा ओढतोस, साबणासकट. शेवटच्या घरचं काम झालं की चावी फिरवतोस, धाडकन बंद, आणि घरी जाऊन आमटी-भात. आत ओल तशीच. रात्रभर बीड आणि पाणी एका खोलीत. सकाळी त्या हजारांश इंचाच्या फटीत काय असेल?

गंज. आणि तिथं गंजाला फार जागा लागत नाही.

मागच्या मंगळवारी सकाळी इंजिन स्टार्टरवर कण्हत होतं आणि तू बॅटरीला शिव्या देत होतास. बॅटरी नवी घातलीस. बॅटरीचा काय दोष? ब्लोअर धरला होता. तुझं नशीब थोर म्हणून झटका बसून सुटला. सुटला नसता तर तो बदलायला किती हजार डॉलर लागतात, ते तू मला सांगितलंयस, मी तुला नको सांगायला. आणि हे सगळं टाळायला लागतात तीन मिनिटं. नळ्या काढायच्या, मशीन मोकळ्या हवेवर दोन मिनिटं पळवायचं, ओल निघून जाऊ द्यायची, मग ब्लोअरच्या त्या छोट्या तोंडातून तेलाचा फवारा द्यायचा आणि मग बंद करायचं. पुस्तकात चित्र काढून दाखवलंय. पुस्तक कुठाय? सीटखाली, पिझ्झाच्या खोक्याखाली. मी काढून ठेवलंय. पहिली चार पानं चिकटलेली होती.

या ब्लोअरची जन्मकथा तुला ठाऊक नसणार. याच देशातली आहे, इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावची. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे दोघे भाऊ. त्यांची लोकरीची गिरणी होती, पाण्याच्या चाकावर चालणारी. चाक नीट ताकद देईना म्हणून त्यांनी दोन फिरत्या पाकळ्यांचं यंत्र बनवून पाहिलं. पाणी आलं की लाकूड फुगायचं आणि यंत्र अडायचं. पाण्यावर काही ते चाललं नाही. पण फिरवून बघताना त्यातून असा वारा सुटला की जवळ उभ्या माणसाची टोपी उडाली, अशी गोष्ट सांगतात. टोपीचं खरंखोटं देव जाणे. १८६० साली त्यांनी पेटंट घेतलं ते मात्र नोंदलेलं आहे. पुढं लोखंड वितळवायच्या भट्ट्यांना वारा द्यायला हेच यंत्र लागलं. लोकरीच्या गिरणीत जन्मलं आणि आज तू त्यानं लोकरीचे गालिचे धुतोस. पण त्याचा पहिला दुश्मन पाणीच होता, आजही पाणीच आहे. हे त्या दोघा भावांना तेव्हा कळलं होतं. तुला अजून कळायचं आहे.

आता हा व्हॉल्व्ह. याला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. हा कुणी आवळला? माझ्याकडे बघू नकोस, नटाकडे बघ. पार शेवटच्या आट्यापर्यंत गेलाय, पितळेवर पकडीचे दात उमटलेत. रिंग पाना होता ना तुझ्याकडे? नटावर पकड लावणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करायचो, विसरलास. पण तो गुन्हा बारका. मोठा असा की तुझी अक्कल इथं उलटी चालली. गेजचा काटा वर गेलेला दिसला, तुला वाटलं ओढ वाढली. गालिचा मात्र ओलाच राहतोय. मग तुला वाटलं अजून वाढवू, आणि व्हॉल्व्ह आवळलास. अरे, काटा वर का गेला? आतली वाट तुंबली म्हणून. नाक-तोंड दाबून श्वास ओढून बघ, छातीत ताण किती येतो! पण हवा येते का? गालिच्यातलं पाणी उचलतं ते वाहत्या हवेनं. काट्यानं नाही.

कारखान्यानं हा व्हॉल्व्ह पाऱ्याच्या बारा-चौदा इंचांच्या आसपास बांधून दिलेला असतो. नेमका आकडा पुस्तकात आहे. नळी कुठं चोंदली, तर तो उघडून बाहेरची हवा आत घेतो. का घेतो? हवा कमी झाली की ब्लोअर तापतो. तापला की रोटर फुगतात. फुगले की ती हजारांश इंचाची फट संपते आणि लोखंड लोखंडाला घासतं. व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवणं. तुझ्या आईनं पाहिलं असतं तर तिनंच वरवंटा उचलला असता, पण शिट्टीवर ठेवायला नाही.

ओढ कमी झाली तर पाना शेवटी उचलायचा. आधी बघायचं. नळी काढ, मशीन मोकळं सोड. तरी काटा चढलेला आहे? मग आत कोंडलंय, जाळी काढून धू. काटा खाली आहे? मग तोंडावर रबराची चकती ठेव. आता तो आपल्या आकड्यापर्यंत चढला तर मशीन निरोगी, दोष बाहेर. नाही चढला तर हवा कुठून तरी चोरली जातेय: झाकणाचं पॅकिंग, खालचा घाण सोडायचा व्हॉल्व्ह. मशीन निरोगी निघालं की पन्नास पन्नास फुटांचे नळीचे तुकडे एकेक जोडत जा, कुठल्या तुकड्यानं काटा खाल्ला ते कळतं. दहा मिनिटांचं काम, त्यात एकही पाना लागत नाही. पण त्याला बघत उभं राहावं लागतं, आणि नुसतं बघत उभं राहिलं की काम केल्यासारखं वाटत नाही. तुझा रोग तो आहे. हातात पाना नसेल तर तुला चैन पडत नाही.

आणि ही काळी टेप कशाची? सोड. सोड म्हणतो ना. दोन वायरी एकमेकींना पिळून वर टेप. या वायरी कुठून येतात सांग. टाकीतल्या तरंगत्या स्विचमधून, म्हणजे फ्लोटमधून. टाकी भरली की तो वर उचलला जातो आणि इंजिन बंद पाडतो. तुला त्याचा राग का आला? अर्ध्या टाकीलाच बंद पाडायचा म्हणून. का पाडायचा? त्याच्या दांडीला केस गुंडाळलेले असायचे, तो वर अडकून बसायचा. फडक्यानं पुसायला अर्धं मिनिट लागलं असतं. तू राखणदाराचाच गळा दाबलास. आता टाकी भरली की कोण सांगणार? फेस वाढला की कोण सांगणार? पाणी सरळ ब्लोअरमध्ये जाईल, पाणी दाबून बारीक होत नाही, आणि मग ते गिऱ्हाइकाच्या अंगणात सायलेन्सरमधून कारंज्यासारखं उडेल. त्याचा व्हिडिओ दुसरा कुणी काढील. तुझा दाढीवाला त्यावर बोलेल.

व्हिडिओ बघूच नये असं मी म्हणत नाही. आमच्या वेळी असते तर मीही पाहिले असते. पण तो माणूस त्याच्या मशीनवर बोलतो. त्याच्या ब्लोअरला एका बाजूला ग्रीस निपल आहे, म्हणून तो ग्रीस मारतो. तुझ्याही आहे, म्हणून तूही मारलंस. पण तो दोन-तीन पंप मारून थांबला. तू सीलमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहिलास. ग्रीस म्हणजे श्रीखंड नव्हे, पाहुणा नको म्हणेपर्यंत वाढायला. जास्त झालं की सीलला ढकलतं, बेअरिंग गरम होतं. दुसऱ्या टोकाला तेल आहे, त्याची काच आहे, त्यात पातळी बघायची, तीही मशीन बंद असताना. ती काच तू शेवटची कधी पुसलीस? मी सकाळी पुसली. फडकं काळं झालं, काच अजून धूसरच आहे.

आता पाण्याच्या पंपाकडे ये. इथं मी थोडक्यात आटपतो, कारण इथं तू निदान गुडघ्यावर बसलेला दिसलास. ऑइलची काच बघ. काय रंग आहे? दुधाच्या चहाचा. दमट हवेनं किंचित धुरकटतं, पण हा घोटलेला चहा आहे. सीलमधून पाणी तेलात उतरतंय. सील बदल, तेल बदल. पंप खडखडतो आणि नळी नाचते, त्यावर तू काय केलंस? प्रेशर वाढवलंस. पाणी आत येतानाच्या चाळणीत गाळ बसला असेल, पंपाला प्यायला पाणी पुरत नसेल, हे सुचलं नाही. तहानेल्या बैलाला चाबूक. पट्ट्याखाली काळी भुकटी पडलीय ती पट्टा सरळ नसल्याची. पुली ओळंब्यात घे, झाकण परत लाव, ते उन्हाळ्यापासून कोपऱ्यात पडलंय.

परवा मात्र तुझ्या कानाखाली द्यायची राहिली. गरम पाण्याची बारीक नळी गळत होती आणि तू भोक शोधायला तिच्यावरून तळहात फिरवत होतास! आत चारशे पाउंडाचं प्रेशर, पाणी दोनशे फॅरनहाइटच्या घरात, म्हणजे आपल्या त्र्याण्णव अंशांवर. सुईच्या भोकातून असं पाणी कातडी फोडून आत शिरतं. वरून मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत बोट सडायला लागतं. पुठ्ठा धरायचा असतो, पुठ्ठा. नाहीतर मशीन बंद करून, ट्रिगर दाबून प्रेशर सोडून, मग शोधायचं. घाई कसली होती? पुढच्या घरी दहा मिनिटं उशीर. दहा मिनिटांसाठी उजवा हात पणाला लावतोस? धंदा कुठल्या हातावर चालतो तुझा?

पहिल्या जानेवारीत पंपाचं डोकं फुटलं, तो किस्सा तू हसत हसत सांगितलास. कोल्हापूरच्या पोराला बर्फाचं काय कळणार, पहिलं वर्ष माफ. पाणी गोठलं की नऊएक टक्के फुगतं, आणि ज्या धातूत ते अडकलेलं असतं तो धातू जागा करून देत नाही, तडकतो. आता कळलं ना? मग दुसऱ्या वर्षी काय केलंस? व्हॅनमध्ये तारेचा लालभडक हीटर लावलास. रात्रभर. जिथं पेट्रोलच्या नळीचा क्लिप सैल आहे, जिथं मी दार उघडल्यावर पहिला श्वास पेट्रोलचा घेतला. पाणी काढून टाक, नळ्यांमधून न गोठणारं द्रव फिरव, नाहीतर गॅरेज भाड्यानं घे. क्लिप आज बदल. आज म्हणजे जेवणाआधी.

आणि गॅरेजचं निघालंच आहे तर ऐकून घे. शुक्रवारी पाऊस होता, म्हणून गिऱ्हाइकाच्या गॅरेजमध्ये व्हॅन घालून मशीन चालवलंस. दार अर्धं खाली. तुझ्याबरोबरच्या त्या पोराचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. तू त्याला कॉफी पाजलीस. कार्बन मोनॉक्साइड कॉफीनं उतरत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस पेंगतो आणि पेंगतच जातो. त्या पोराची आईही कुठल्या तरी गावात फोनची वाट बघत असेल. यावर मी अजून बोललो तर माझा आवाज चढेल आणि शेजारी बाहेर येतील.

आता या सगळ्याचं मूळ. डीलरच्या मेकॅनिकला तू चोर म्हणतोस. असेल. पण त्याच्या मानेवर काहीतरी असतं. त्यानं फ्लोटच्या वायरी पिळून टेप मारली आणि उद्या ब्लोअर गेला, तर त्याला मालकासमोर उभं राहावं लागतं, गिऱ्हाइकासमोर मान खाली घालावी लागते. तू त्याचा पाना घेतलास, त्याची लाज घेतली नाहीस. तुझं काम कोण तपासतं? तूच. तुझी टेप कोणाला दिसते? तुलाच. मग तू स्वतःला पास करतोस, रोज, शंभरपैकी शंभर. मी तुला एकदाही शंभर दिले नव्हते. फाइलिंगच्या जॉबला एकसष्ट दिले होते आणि तू आठवडाभर बोलला नव्हतास. पुढच्या जॉबची कड कशी सरळ आली होती, आठवतं?

अजून एक. टाकीतलं काळं पाणी परवा तू रस्त्याकडेच्या जाळीत सोडलंस. "सर, गटारच आहे." ते गटार नव्हे. पावसाचं पाणी जायची वाट आहे ती, ओढ्याला आणि पुढं नदीला, मधे शुद्ध करणारं काही नाही. या देशात १९७२ पासून स्वच्छ पाण्याचा कायदा आहे, पकडला गेलास तर दंड असा बसेल की व्हॅन विकावी लागेल. पण दंड राहू दे. पंचगंगेवर फेस आला आणि मासे मेले म्हणून तू मोर्च्यात गेला होतास. माझा तास बुडवून गेलास, मी काही बोललो नव्हतो. रॅरिटन नदीतले मासे काय परके? केस-माती गाळून पाणी मैल्याच्या नळीत सोडायचं, जिथं परवानगी असेल तिथं. गिऱ्हाइकाला विचार, बहुतेक लोक संडासात ओतू देतात.

तू विचारलंस, स्वतः काम केलं तर वॉरंटी जाते का. जावयानं मला वाचून दाखवलं, इथं १९७५ चा कायदा आहे, मॅग्नसन-मॉस नावाचा. नेहमीची देखभाल मालकानं स्वतः केली एवढ्याच कारणानं घरगुती वापराच्या मालाची वॉरंटी कंपनीला नाकारता येत नाही. धंद्याच्या मशीनचं काय, ते तुझ्या वॉरंटीच्या कागदात बघ. पण उद्या कंपनीनं विचारलं, "तेल कधी बदललं? किती तासांवर?" तर काय दाखवणार? ती टेप? व्हॅनच्या काचेवर ऑइलचा स्टिकर आहे, मैल लिहिलेले आहेत, छान. मागच्या इंजिनाचं काय? ते एक मैलही पुढं जात नाही. जागच्या जागी, फुल लोडवर, दिवसाचे पाच-सहा तास. शंभर तास म्हणजे ताशी पन्नासनं पाच हजार मैल झाले, आणि तेही चढणीचे. बहुतेक इंजिनं शंभर तासांच्या आसपास तेल बदलून मागतात, नवी असताना त्याहूनही लवकर. तुझं किती तासांवर मागतं ते त्या चिकटलेल्या चार पानांत आहे. तुझ्या इंजिनानं कधी मागितलं आणि तू कधी दिलंस, हे तुला आठवत नाही. मला माहीत आहे आठवत नाही, कारण पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "झालं असेल दिवाळीच्या सुमारास." दिवाळी हे मीटरचं रीडिंग नाही.

उठ. ही वही घे. ओक ट्री रोडवर वाण्याकडे मिळाली, शंभरपानी, मुखपृष्ठावर मोर आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. हे पेन. आधी फडकं घे आणि तास मोजायच्या मीटरची काच पूस, साबणाचे डाग आहेत. हात नंतर धू, आत्ता तसेच राहू देत, वहीला लागलं तर लागू दे. वर तारीख घाल. खाली डाव्या बाजूला मीटर. वाच, मोठ्यानं.

अठराशे त्रेचाळीस काय? पुढचा आकडा कोण वाचणार? दशांशासकट वाच. हां. लिही. आता त्याखाली: फ्लोटची वायर पिळलेली सापडली. कुणी पिळली तेही लिही.